बोलण्याचा हक्क, बोलण्याची सक्ती

दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम, तृतीयपंथी अशा समूहांतल्या माणसांनी समाजमाध्यमांवर सतत बोलत राहावे, प्रत्येक घटनेचा निषेध नोंदवावा, स्वतःची जखम उघडी करून दाखवावी, अशी अपेक्षा आज सर्रास केली जाते. ही अपेक्षा कोण करते, ती पुरी करताना माणसाचे काय खर्ची पडते आणि ती नाकारण्याच्या कोणत्या वाटा लोकांनी शोधल्या आहेत, हा या पुस्तकाचा विषय आहे. विद्यापीठांत त्याला अजून स्वतःचा विभाग नाही. थोडा समाजशास्त्रात, थोडा स्त्री-अभ्यासात, थोडा माध्यमांच्या अभ्यासात, थोडा कायद्यात असा तो विखुरलेला आहे. त्यामुळे नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला कुठून शिरावे ते उमगत नाही. ही प्रस्तावना त्या विद्यार्थ्यासाठी आहे. मी इथे मुख्यतः महाराष्ट्रातल्या दलित अनुभवाच्या आधारे बोलणार आहे. बोलण्याच्या हक्काचा लढा इथे इतका जुना आणि इतका लिहून ठेवलेला आहे, की सक्तीचा प्रश्नही इथेच सर्वांत लख्ख दिसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. 'गप्प बसा' हे या समाजांनी पिढ्यान् पिढ्या ऐकले आहे आणि हे पुस्तक त्यात भर घालण्यासाठी नाही. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने, सावित्रीबाईंच्या विद्यार्थिनीने, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नव्हती. त्यानंतर १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. एक पत्र बंद पडले की दुसरे काढायचे, वर्गणीसाठी वणवण करायची, अग्रलेख स्वतः लिहायचे, असा तो छत्तीस वर्षांचा खटाटोप आहे. सप्टेंबर २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना तिची धग कळण्याआधी ती बातमी एसएमएस, ईमेल आणि ब्लॉगवरून गावोगाव पोहोचली होती. पुढे फेसबुक आणि यूट्यूब आले आणि संपादकाच्या मर्जीवाचून बोलता येऊ लागले. ही कमाई मोठी आहे. या पुस्तकाचा हवाला देऊन कुणी एखाद्या दलित मुलाला 'तू कशाला बोलतोस' असे म्हणाले, तर त्याने पुस्तक वाचलेलेच नाही असे समजावे.

मात्र बोलण्याचा हक्क मिळाला म्हणजे मागेल त्याला, मागेल तेव्हा बोलून दाखवण्याची जबाबदारीही अंगावर आली, असे होत नाही. आज नेमके तेच गृहीत धरले जाते. १४ एप्रिल जवळ आला की कार्यालयात एकाच माणसाकडे नजरा वळतात: कंपनीच्या पानासाठी चार ओळी लिहून दे, एखादा फोटोही दे. ६ डिसेंबरला दादरच्या गर्दीविषयी आणि कचऱ्याविषयी कुणीतरी दरवर्षी तेच लिहिते आणि दरवर्षी त्याच चार-दोन तरुणांनी त्याला तेच उत्तर द्यावे असे सगळ्यांना वाटते. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपुढे उभी असलेली माणसे त्या वादात कुठेच नसतात. स्फोटाची बातमी आली की वर्गातल्या मुस्लिम मुलाच्या भिंतीवर निषेध दिसतो का, हे तपासले जाते. तृतीयपंथी व्यक्तीला शस्त्रक्रियेविषयी प्रश्न विचारले जातात आणि तिने उत्तर टाळले तर 'जागृती कशी होणार' असे ऐकवले जाते. या सगळ्यांत सर्वांत जड जाते ती आपल्याच माणसांची विचारणा. 'समाजाचं खाल्लंस, समाजासाठी काय केलंस?' हा प्रश्न आता पोस्टची संख्या मोजून विचारला जातो.

आमच्या विभागातली एक विद्यार्थिनी एकदा अशाच दिवसानंतर भेटायला आली. राज्यात एका अत्याचाराची बातमी गाजत होती आणि तिच्या मैत्रिणींच्या स्टोऱ्या काळ्या-निळ्या रंगांनी भरल्या होत्या. हिने काहीच टाकले नव्हते. "मॅडम, एका मैत्रिणीनं मला लिहिलं, 'तुझ्याकडून तरी अपेक्षा होती.' तरी म्हणजे काय?" तो सबंध दिवस ही मुलगी धाकट्या भावाला घेऊन जात पडताळणी समितीच्या कार्यालयात बसून होती. भावाच्या प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र हवे होते. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, पण आजोबांच्या नावात एका कागदावर 'बा' होते आणि दुसऱ्यावर नव्हते. १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून कोतवाल बुकाची नक्कल काढायला तहसिलात जावे लागणार होते. खिडकीवरच्या कारकुनाशी हुज्जत न घालता, आवाज न चढवता, एका मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून ती जे करत होती, ते समाजाचे काम नव्हते काय? त्याची स्टोरी होत नाही. झाली असती तर भावाचे आडनाव, जात आणि कॉलेज एका दमात जगजाहीर झाले असते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे महार वतन आठवले पाहिजे. वतनाच्या नावाखाली गावची आणि सरकारची जी कामे महारांच्या गळ्यात होती, त्यांत सांगावा पोहोचवणे हे एक मोठे काम होते. गावात कुणी मेले की परगावच्या सोयऱ्यांना मयताची खबर द्यायला महाराने निघायचे. रात्र असो, पाऊस असो, घरात पोर तापाने फणफणत असो, येसकरपाळी, म्हणजे गावकामाची पाळी, ज्याची त्याने 'नाही' म्हणायची सोय नव्हती. मोबदला म्हणजे बलुत्याचे दाणे आणि शिळी भाकर. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी या वतनात सुधारणा करणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. ते पार पडले नाही आणि वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. जुनी वेठ आणि आजची पोस्टची अपेक्षा एकच आहेत असे मी म्हणत नाही. पोस्ट न टाकल्याबद्दल कुणी चावडीवर बांधून मारत नाही, आणि आजची मागणी पुष्कळदा प्रेमापोटीही येते. तरी दुसऱ्याच्या दुःखाची खबर वाहून नेणे हे एका विशिष्ट जातीच्या माणसाचे कर्तव्यच आहे, त्याला वेळ, पैसा, झोप यांची किंमत लागत नाही, ही समजूत जुनीच आहे. अभ्यासकाने ती ओळखायला शिकले पाहिजे.

त्याच चळवळीने आपली कहाणी आपल्या हातात ठेवायलाही शिकवले. बाबासाहेबांनी स्वतःला सोसाव्या लागलेल्या अस्पृश्यतेच्या आठवणी लिहिल्या: लहानपणीचा मसूर स्टेशनापासून गोरेगावपर्यंतचा बैलगाडीचा प्रवास, बडोद्याच्या पारशी विश्रामगृहातून हाकलले जाणे, दौलताबादच्या किल्ल्यावरच्या पाण्याचा प्रसंग. हे लेखन 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापले ते १९९० मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तेहतीस वर्षांनी. सभा, परिषदा, साक्षी, वृत्तपत्रे सगळीकडे अखंड बोलणाऱ्या या माणसाचे आपल्या जखमांविषयीचे हे पुस्तक त्यांच्या हयातीत बाहेर आले नाही.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण तर मी प्रत्येक तुकडीला सांगते. फलटणला त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. माल बांधायला आलेल्या रद्दीतली पाने त्या वाचत. गिऱ्हाईक नसले की लिहीत आणि लिहिलेल्या वह्या घरच्यांच्या नजरेला पडणार नाहीत अशा उंच, धूळभरल्या जागी लपवून ठेवत. असे वीसेक वर्षे चालले. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहावरून ते लेखन 'स्त्री' मासिकातून येऊ लागले आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने निघाले. ती वीस वर्षे नुसत्या दडपणाची होती असे म्हणून चालणार नाही. नवऱ्याची आणि सासरची भीती खरी होती आणि ती लिहिली गेलीच पाहिजे. पण त्याच वर्षांत त्या वाक्यांना कुणाच्याही पसंतीची घाई नव्हती, म्हणून आपल्या समाजातल्या बायकांच्या छळाबद्दल त्या इतके निर्भीडपणे लिहू शकल्या. दया पवारांच्या 'बलुतं'तही (१९७८) दगडू मारुती पवार आपली गोष्ट दया पवारांना सांगतो. सांगणारा आणि लिहिणारा यांच्यात लेखकाने मुद्दाम अंतर राखले आहे. तरीही पुस्तक आल्यावर 'आपली लाज चव्हाट्यावर कशाला' अशी नाराजी समाजातून उमटलीच. कहाणी कुणाला सांगावी, कुठवर सांगावी, हा वाद मोबाइलच्या आधीचा आहे.

सिद्धांताच्या अंगाने या क्षेत्राचा पाया आपल्याकडे दोन अभ्यासकांनी घातला, असे माझे मत आहे. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तल्या लेखात भारतीय समाजविज्ञानातली श्रमविभागणी उघडी केली. सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव पुरवणारे शूद्र, अशी ती विभागणी. समाजमाध्यमांनी ती मोडली असे वाटत होते. जवळून पाहिले तर ती तिथेही तग धरून आहे: दलित मुलगी अनुभव सांगते आणि तिच्या अनुभवाचे विश्लेषण करणाऱ्याला व्याख्यानाचे निमंत्रण येते. दुसऱ्या अभ्यासक म्हणजे शर्मिला रेगे. 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' (२००६) या पुस्तकात त्यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समूहाची साक्ष म्हणून वाचायला शिकवले. साक्ष ऐकणाऱ्यावरही जबाबदारी येते, हे त्यांच्या मांडणीतून पुढे येणारे सूत्र मला आजच्या प्रश्नासाठी फार मोलाचे वाटते. पोस्ट वाचून अंगठा दाबणारा मात्र स्वतःवर कसलीच जबाबदारी घेत नाही.

बाहेरच्या जगात हाच प्रश्न निराळ्या वाटांनी पुढे आला आहे. टोनी मॉरिसन यांनी १९७५ मध्ये पोर्टलंडच्या भाषणात सांगितले, की वर्णद्वेष माणसाला त्याच्या कामापासून विचलित करतो आणि आपण आहोत हे पुन्हापुन्हा सिद्ध करायला लावतो. ऑड्री लॉर्ड यांनी, जुलूम करणाऱ्यांना शिकवण्याचे कामही जुलूम सोसणाऱ्यांकडूनच करून घेतले जाते आणि त्यात त्यांची शक्ती आटते, असे बजावले. एदुआर ग्लिसाँ यांनी अपारदर्शक राहण्याचा हक्क मांडला. ऑड्रा सिम्पसन यांनी मोहॉक समाजाच्या अभ्यासातून नकाराला राजकीय कृतीचे स्थान दिले. ईव्ह टक यांनी २००९ मध्ये आदिवासी आणि वंचित समाजांना उद्देशून जाहीर पत्र लिहून, आपल्याला केवळ जखमांची बेरीज म्हणून दाखवणाऱ्या संशोधनाला थोपवा, असे आवाहन केले. या सर्वांत विद्यार्थ्याने आधी केव्हिन क्वाशी यांचे 'द सॉव्हरेन्टी ऑफ क्वायट' (२०१२) वाचावे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी मुठी उंचावल्या, त्या जगप्रसिद्ध छायाचित्रापासून ते सुरुवात करतात आणि त्या दोघांच्या झुकलेल्या माना, मिटलेले डोळे, अंतर्मुख शांतता यांकडे आपले लक्ष वळवतात. आपण इतकी वर्षे फक्त मुठी पाहत आलो होतो.

बोलण्याच्या सक्तीचे काय होते ते एका घटनेत दिसते. अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर २ जून २०२० रोजी इन्स्टाग्रामवर लाखो लोकांनी काळे चौकोन टाकले. त्यांतल्या अनेकांनी 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' या चळवळीचाच हॅशटॅग जोडला. परिणामी मोर्चा कुठे आहे, अटक झालेल्यांना मदत कुठे मिळेल, ही माहिती त्या काळ्या चौकोनांखाली गाडली गेली आणि शेवटी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनाच 'हा हॅशटॅग लावू नका' असे सांगत फिरावे लागले. व्यासपीठाचे गणित यातून समजून घ्यावे. ज्यावर लोक थांबतात, चिडतात, प्रतिक्रिया देतात, ते पुढे ढकलले जाते. गरज कशाची आहे हे त्या गणिताला ठाऊक नसते.

याच्या शेजारी उना ठेवून पाहा. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारण्यात आले. त्याची चित्रफीत मारणाऱ्यांनीच काढली आणि त्यांनीच पसरवली. म्हणजे ज्या दृश्याने देश हादरला, ते मुळात दहशत बसवण्यासाठी फिरवलेले होते. ते पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक हाताने, हेतू कितीही चांगला असला तरी, त्या तरुणांचा अपमान आणखी एका पडद्यावर नेला. तिथल्या दलितांनी दिलेले उत्तर मात्र पडद्याबाहेरचे होते. सुरेंद्रनगरला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर त्यांनी मेलेली जनावरे आणून टाकली आणि हे काम आम्ही करणार नाही असे जाहीर केले. ऑगस्टमध्ये अहमदाबाद ते उना अशी पदयात्रा निघाली. १९२७ मध्ये महाडला जमलेल्या लोकांना बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, गावकीची हलकी कामे सोडा असे सांगितले होते. नकाराची ही परंपरा आहे. मागितलेली पोस्ट न टाकणारा मुलगाही याच परंपरेत उभा असू शकतो, हे मान्य करायला आपल्याला जड का जावे?

कायद्याकडे वळू. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये निकाल दिला. शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी तीन भावंडे शाळेतून काढली गेली होती. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्यही येते, हा विचार आपल्याकडे या निकालाने रुजवला. बोलण्याची किंमत काय असते तेही कायद्याच्या इतिहासात दिसते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका तरुणीने फेसबुकवर मुंबईच्या बंदविषयी लिहिले, दुसरीने ते फक्त 'लाइक' केले, आणि दोघींना अटक झाली. ते कलम, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ, मार्च २०१५ मध्ये रद्द झाले. त्याच वर्षी मे महिन्यात शिर्डीत मोबाइलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून वाद उकरून एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. ज्या देशात खिशातल्या रिंगटोनची अशी किंमत पडू शकते, तिथे 'एक पोस्ट टाकायला काय जातं' असे विचारणाऱ्याने आधी आपले स्वतःचे काय जाते ते पाहावे. भाड्याच्या खोलीत आडनाव झाकून राहणाऱ्या मुलासाठी ती पोस्ट म्हणजे घर बदलण्याची तयारी असते.

हैदराबाद विद्यापीठातला दलित संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आत्महत्या करून गेला. त्याच्या पत्रात माणूस जवळच्या ओळखीपुरता, एका आकड्यापुरता उरल्याची खंत होती. त्याला विज्ञानावर लिहायचे होते. त्याच्या फेसबुकवरच्या लेखनाचे पुस्तक २०१७ मध्ये निघाले. त्यात संघटनेचे काम आहे, वाचन आहे, मित्र आहेत, कुतूहल आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्याचे फक्त शेवटचे पत्र वाचले. या क्षेत्रात येणाऱ्याने ते पुस्तक पूर्ण वाचावे, असा माझा आग्रह आहे.

आता अभ्यासपद्धतीविषयी, कारण सर्वांत मोठ्या चुका इथेच होतात. हॅशटॅग गोळा करून केलेल्या संशोधनात फक्त बोललेले लोक सापडतात. ज्याने लिहून खोडले, ज्याने खाते बंद केले, ज्याने चारच जणांच्या व्हॉट्सॲप गटात मन मोकळे केले, ज्याने त्या दिवशी वस्तीतल्या अभ्यासिकेचे वीजबिल भरले, तो त्या माहितीत नसतो. मग संशोधक लिहितो की अमुक समाजात अमुक विषयावर उदासीनता आढळली. असा निष्कर्ष कृपया काढू नका. दुसरे असे, की पोस्ट सार्वजनिक आहे म्हणजे ती प्रबंधात उतरवण्याची परवानगी मिळाली असे होत नाही. नाव काढून टाकले तरी मजकूर शोधयंत्रात घातला की माणूस सापडतो. लिहिणाऱ्याला विचारा. त्याने नाही म्हटले तर ते 'नाही' तुमच्या अभ्यासातली महत्त्वाची नोंद आहे, पण कारण विचारून त्याला छळू नका. तिसरे, मुलाखतीत पहिला प्रश्न अत्याचाराचा नको. काय वाचता, कोणती भीमगीते आवडतात, जयंतीच्या मंडळात तुमच्याकडे कोणते काम असते, हे विचारा. उत्तरे देताना माणसे ताठ बसतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

या पुस्तकाचे वाचक सगळेच संशोधक नसतील. काही जण आपल्या एखाद्या मित्राच्या पोस्टची वाट पाहणारेही असतील. त्यांना एक सांगायचे आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५ अ लागू आहे. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, तसेच तपास आणि खटल्याच्या काळातला प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळण्याचा हक्क त्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे, असे त्या कायद्याचे नियम सांगतात. आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी अशा किती बैठका झाल्या आणि किती साक्षीदारांना खर्च मिळाला, हे माहितीच्या अधिकारात कुणाही नागरिकाला विचारता येते. मित्राला निरोप पाठवण्याआधी तो अर्ज करा.